स्मार्ट कचरापेटीपेक्षा कांदाचाळ बरी: शाळेच्या मुलांनी तंत्रज्ञान स्पर्धेची तयारी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंना आठवी-नववीच्या पाच मुलामुलींचा गट एका स्पर्धेत उतरवायचा आहे. सामाजिक किंवा पर्यावरणाच्या प्रश्नावर तंत्रज्ञानाचा उपाय करून दाखवायचा, असे स्पर्धेचे स्वरूप आहे. हातात जुलै ते सप्टेंबर एवढे महिने आहेत. मुलांनी आपणहून उघडणाऱ्या झाकणाची ‘स्मार्ट कचरापेटी’ ठरवली आहे. हा विषय चालेल का, कोडिंग कुणालाच धड येत नाही तर काय करायचे, आणि परीक्षक नेमके काय बघतात, असे ताई विचारतात.

ताई, मी नाशकात कारखान्यांच्या ऑटोमेशनचे काम करतो आणि बऱ्याच वर्षांपासून अशा स्पर्धांमध्ये कधी मार्गदर्शक, कधी परीक्षक असतो. वेळ थोडा आहे म्हणून कचरापेटीचे आधीच सांगून टाकतो. ती करू नका. हात जवळ आल्याचे ओळखणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, झाकण उचलणारी एक सर्वो मोटर, हे दोन्ही चालवणारा आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड आणि इंटरनेटवर तयार मिळणारा प्रोग्राम, एवढ्यात ती होते. म्हणूनच प्रत्येक स्पर्धेत अशा दोन-चार पेट्या असतात. ती सोपी आहे याला माझी हरकत नाही. माझी हरकत वेगळी आहे. झाकण हाताने उघडायचा त्रास कुणाला होतो, हे त्या मुलांना सांगता येत नाही, कारण तसे कुणी त्यांना सांगितलेलेच नसते. नाशिक शहरात घंटागाडी दारात येते. तुमच्याकडे कचऱ्याचा प्रश्न बांधावर पडलेल्या मल्चिंगच्या फाटक्या प्लास्टिकचा आहे, फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा आहे, संध्याकाळी हे सगळे एकत्र पेटवण्याचा आहे. झाकणाच्या मोटरने यातले काहीच सुटत नाही.

मुलांना ‘विषय सुचवा’ म्हटले की ती मोबाइल उघडतात आणि जगभरातल्या मुलांना सुचलेलेच त्यांना सुचते. त्यापेक्षा त्यांना एका माणसाकडे पाठवा. एकच माणूस, एकच जागा. तुमच्या गावात मी सांगेन, एका कांदाचाळीत पाठवा. पाचांपैकी निदान तिघांच्या घरी चाळ असेल असे धरून चालतो.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत भरला जातो आणि भाव पाहून ऑक्टोबरपर्यंत, कधी त्याच्याही पुढे थोडा थोडा विकला जातो. या काळात तीन प्रकारे नुकसान होते: वजन घटते, कांदा सडतो आणि कोंब फुटतो. साध्या हवेशीर चाळीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असली तर कांदा चांगला टिकतो असे मानतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रताच याच्या बरीच वर जाते. त्यात चाळ शिफारशीपेक्षा रुंद असेल, ढीग पाच फुटांच्या वर गेला असेल आणि तळातून हवा येत नसेल, तर मध्यभाग तापतो, तिथे सड सुरू होते आणि शेतकऱ्याला ते वासावरून कळते. वास येईपर्यंत आजूबाजूचा मालही गेलेला असतो. मग चाळ फोडायची, मजूर लावून निवड करायची आणि उरलेला माल मिळेल त्या भावात लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारात न्यायचा. म्हणजे शेतकऱ्याला हवे आहे ते एवढेच: चाळीच्या कोणत्या कप्प्यात बिघाड सुरू झाला आहे, हे वास येण्याच्या आठवडाभर आधी कळावे. हा प्रश्न नेमका आहे, तो मोजता येतो आणि तो तुमच्या गावातच आहे.

आता कृती सांगतो. पहिले तीन आठवडे मुलांनी काहीही बनवायचे नाही, फक्त मोजायचे. जाळीच्या छोट्या पिशव्यांत प्रत्येकी पाच किलो निवडलेला, निरोगी कांदा भरा. त्या चाळीच्या वेगवेगळ्या बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर, जिथून परत काढता येतील अशा ठिकाणी ठेवा: एक वाऱ्याच्या बाजूला, एक आडोशाच्या, एक तळाशी, एक वर. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा आणि किती सडले, किती कोंबाळले ते मोजून वहीत लिहा. ढिगाच्या पोटात पिशवी ठेवता येत नाही, कारण ती काढायला ढीग मोडावा लागेल. तिथे दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपाला भोके पाडून तो ढिगात उभा खुपसा आणि त्यातून सेन्सर दोरीने खाली सोडा. तापमानासाठी डीएस१८बी२० हा स्टीलच्या नळीत बंद असलेला सेन्सर घ्या. पाण्याने तो बिघडत नाही, अर्ध्या अंशापर्यंत विश्वास ठेवता येतो आणि असे अनेक सेन्सर एकाच तारेवर जोडता येतात. पाच वेगवेगळ्या खोलींवर पाच सेन्सर लावले तर ढिगाच्या पोटात काय चालले आहे ते मुलांना पहिल्यांदा दिसेल.

आर्द्रतेचे जरा सांभाळून. दुकानदार तुम्हाला निळा डीएचटी११ देईल, कारण तो स्वस्त आहे. तो पाच टक्के इकडेतिकडे दाखवतो आणि ९० टक्क्यांच्या वर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आपल्याला नेमके पावसाळ्यातलेच मोजायचे आहे. पांढरा डीएचटी२२ त्याहून बरा. पण माझा आग्रह असा की, शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन काचेचे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओले मलमलचे कापड गुंडाळा, दोन्हींतल्या फरकावरून तक्त्यात बघून आर्द्रता काढा आणि सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. हे नववीच्या मुलांना सहज जमते. सेन्सर सांगतो ते खरे कशावरून, हा प्रश्न त्यांच्या मनात एकदा रुजला की पुढचे निम्मे काम झाले. परीक्षक म्हणून मला हा एक प्रश्न विचारायला सर्वात जास्त आवडतो, आणि उत्तर देणारे गट फार थोडे असतात.

काही जण सडका कांदा ओळखायला एमक्यू मालिकेतला गॅस सेन्सर सुचवतील. वापरून बघायला हरकत नाही, पण मर्यादा माहीत हवी. तो आधी बराच वेळ तापवावा लागतो, एकाच वायूला ओळखत नाही, आर्द्रता बदलली तरी त्याचा आकडा हलतो. त्याच्या आकड्याला ‘अमोनिया इतका पीपीएम’ (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असे लेबल लावून तक्त्यावर छापले की जाणकार परीक्षकाचा उरलेल्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. ‘सडका कांदा ठेवल्यावर आकडा वाढला, निरोगी ठेवल्यावर वाढला नाही, इतक्या वेळा करून पाहिले’ एवढेच लिहा. ते खरे असेल आणि पुरेसे असेल. शंका आली तर निफाड तालुक्यातच चितेगावला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र आहे. मुलांनी वही घेऊन तिथे जावे. वहीत आकडे असले की संशोधक मनापासून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

मोजून झाल्यावर बनवायचे काय? इथे मुले हटकून ‘अ‍ॅप’ म्हणतील. चाळमालकाला विचारा. बहुतेक उत्तर असे येईल की मला अ‍ॅप नको, घराच्या ओट्यावरून दिसेल असा दिवा हवा. कप्पा क्रमांक तीन तापला तर तिसरा दिवा लाल. याला आर्डुइनो पुरते. फोनवर संदेशच हवा असेल तर ईएसपी-३२ हा वायफाय असलेला बोर्ड घ्या. पण त्याचे वायफाय मळ्यापासून वस्तीपर्यंत पोहोचणार नाही. अंतर जास्त असेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झमध्ये चालणारे लोरा मॉड्यूल, म्हणजे लांबवर थोडी माहिती पाठवणारे रेडिओ उपकरण, लावावे. या पट्ट्यात कमी शक्तीच्या वापराला आपल्याकडे परवाना लागत नाही. शेतीच्या फिडरवर वीज ठरावीक तासच असते, म्हणून बॅटरीचा हिशेब पहिल्या दिवसापासून करा. आणि पंखा किंवा मोटर चालू करणारा रिले जोडायचा असेल तर २३० व्होल्टच्या तारेला मुलांनी हात लावायचा नाही. ते काम गावातल्या वायरमनकडून, तुमच्यासमोर. यात सवलत नाही.

कोडिंगची भीती बाळगू नका. वरच्या कामाला लागणारा प्रोग्राम शंभर ओळींचाही नसतो, आणि त्यातला प्रत्येक तुकडा शिकवणारी सामग्री मराठीतही मिळते. जवळपासच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांना स्वतः यंत्रे बनवून बघता येतील अशी प्रयोगशाळा) असेल तर मुख्याध्यापकांमार्फत रीतसर विनंती करा. या प्रयोगशाळांना केंद्राकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि परिसरातल्या मुलांना त्या खुल्या असाव्यात अशीच अपेक्षा आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी शनिवार-रविवारी मदतीला मिळाला तर उत्तम. फक्त त्याला एक अट घाला: कीबोर्ड मुलांच्या हातात राहील. मोठ्यांनी करून दिलेला प्रकल्प दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो, आणि तेव्हा त्या मुलांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

गटातल्या मुलींबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. बहुतेक गटांत सोल्डरिंग आयर्न मुलाच्या हातात असते आणि मुली तक्ता रंगवतात, सूत्रसंचालन करतात. हे कुणी ठरवून करत नाही, आपोआप होते, आणि म्हणूनच ते मोडायला शिक्षकाने ठरवून काही करावे लागते. दर आठवड्याला कामे फिरवा: जोडणी, नोंदी, प्रोग्राम, चाळमालकाशी बोलणे. मी परीक्षक असतो तेव्हा सर्किटबद्दलचा प्रश्न मुद्दाम गटातल्या मुलीला विचारतो. जिथे कामे फिरवलेली असतात तिथे ती न अडखळता सांगते. कॉलेजच्या पातळीवर स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या स्पर्धेत सहा जणांच्या संघात निदान एक मुलगी असावी असा नियमच आहे. शाळेतही गटात मुलगी असणे एवढ्यावर थांबायला नको.

तुम्ही म्हणाल, सगळे जण गोदावरीवर काम करतात, आपणही करावे का? करावे, पण डोळे उघडे ठेवून. ‘आमचे यंत्र गोदावरीच्या पाण्याचा बीओडी जागेवर लगेच दाखवते’ असे सांगणारे गट मी पाहिले आहेत. बीओडी म्हणजे पाण्यातले जिवाणू ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन वापरतात त्याचे माप. आपल्याकडे ते पाणी २७ अंशाला तीन दिवस ठेवून मोजतात. दोनशे रुपयांच्या सेन्सरने ते होत नाही. स्नानासाठीच्या पाण्याचे निकष मुलांनी जरूर पाठ करावेत: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५, आणि मैलाजन्य जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २५००. यातला शेवटचा आकडा काढायला जिवाणू वाढवून बघावे लागतात, म्हणजे प्रयोगशाळाच हवी. मुलांना जमण्यासारखे काय? विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायने घालून अनुमापनाने, विरघळलेला ऑक्सिजन मोजणे. त्याला लागणारी रसायने फारशी महाग नाहीत. आम्ल तुम्ही स्वतः ओता, अनुमापन मुलांना करू द्या. सामूचा प्रोब घेतलात तर दर वेळी बफर द्रावणांनी (ज्यांचा सामू आधीच माहीत असतो अशा द्रावणांनी) तपासून घ्यावा लागतो आणि टोक कोरडे पडू द्यायचे नसते. विक्रेता हे सांगत नाही.

आणि तुमच्यासाठी नदीचा विषय पंचवटीत नाही, दारातच आहे. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. नाशिक शहरातून आणि वाटेतल्या गावांमधून जे वाहून येते ते तिथे साचते. पाणवेलीचा पसारा महिन्यागणिक कसा बदलतो याचे ठरावीक खुणांवरून काढलेले फोटो, त्याच खुणांवरचे ऑक्सिजनचे आकडे, सकाळी किती आणि दुपारी किती, एवढे जरी एका वर्गाने वर्षभर केले तरी ते मोलाचे होईल. तीन महिन्यांच्या स्पर्धेत मात्र ते बसत नाही. म्हणून यंदा चाळ, आणि ऑक्टोबरपासून वन विभागाची परवानगी घेऊन हे, असे मी करेन. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेला असेच पाहणीवर उभे असलेले काम लागते.

द्राक्षाबद्दल थोडक्यात. पान किती तास ओले राहिले हे मोजणारा सेन्सर मुले बनवू शकतात, आणि केवडा या द्राक्षावरच्या रोगाच्या दृष्टीने ते माप महत्त्वाचे आहे. पण ‘आता फवारा’ किंवा ‘आता फवारू नका’ असा सल्ला त्या यंत्राने द्यायचा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर एक चुकीचा सल्ला म्हणजे एखाद्या घराचे वर्ष. मोजलेला आकडा दाखवा, निर्णय बागायतदाराचा. बिबट्याचा विषय घेऊ नका. उसात कॅमेरे लावायला मुलांना पाठवणे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

येत्या सिंहस्थामुळे गर्दीवरच्या प्रकल्पांची लाट येणार आहे, तेव्हा तुमच्या मुलांना एक जुनी गोष्ट जरूर सांगा. २००३ च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. २०१५ च्या सिंहस्थाआधी ‘कुंभथॉन’ नावाने नाशकात तरुणांना एकत्र आणले गेले. मूळचे नाशिकचे असलेले एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर त्यात पुढे होते. त्या काळात नाशकातल्या एका शाळकरी मुलाने ‘अशिओतो’ ही दाब ओळखणारी चटई तयार केली. रस्त्यावर आडवी टाकायची, माणसे तिच्यावरून चालत जातात आणि त्या जागेवरून किती लोक कोणत्या वेगाने पुढे गेले याचा आकडा मिळतो. २०१५ मध्ये ती खऱ्या गर्दीत वापरून पाहिली गेली. मला त्यात सर्वात मोलाचे वाटते ते हे की, ‘गर्दीचे व्यवस्थापन’ असल्या अवाढव्य विषयातून त्याने एकच मोजता येणारी गोष्ट उचलली. चेंगराचेंगरी थांबवतो असा दावा केला नाही. कुठे माणसे साचू लागली आहेत हे पोलिसांना लवकर कळावे, एवढेच. तुमच्या चाळीच्या कामाची जातकुळी तीच आहे.

परीक्षकांचे म्हणाल तर प्रत्येकाची नजर वेगळी, मी माझे सांगतो. मी आधी वही मागतो. तारखा घातलेली, खाडाखोड असलेली, भिजून सुकलेली वही मला चकचकीत तक्त्यापेक्षा जास्त सांगते. कोणत्या दिवशी काय चालले नाही, त्यावर काय बदलले, ते तिच्यात असावे. मग विचारतो: ज्याच्यासाठी बनवले त्याने वापरून बघितले का, आणि तो काय म्हणाला? त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून आणा, नापसंतीचे असले तरी. मग विचारतो: सेल संपला, तार उंदराने कुरतडली, तर दुरुस्त कोण करणार आणि सुटा भाग कुठे मिळेल? उत्तर ‘नाशिकला मेन रोडवर’ असे असले तरी चालते, पण उत्तर हवे. ‘खर्च फक्त पाचशे रुपये’ असे लिहिताना मोफत मिळालेला आर्डुइनोही धरा.

सादरीकरण मराठीत करा. शाळेच्या गटांना पाठ केलेली इंग्रजी वाक्ये म्हणताना पाहून मला फार वाईट वाटते. मधेच प्रश्न विचारला की त्यांची साखळी तुटते आणि माहीत असलेलेही सांगता येत नाही. तुमच्या स्पर्धेच्या नियमांत इंग्रजीची सक्ती नसेल तर मराठीतच बोलू द्या, आणि सक्ती असेल तर तक्ता इंग्रजीत, बोलणे मराठीत अशी परवानगी आधी मागून ठेवा. आयोजक बहुधा देतात.

याच कामावर इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेलाही नाव पाठवा. शाळेमार्फत ऑनलाइन कल्पना पाठवायची असते, निवड झाली तर प्रतिकृतीसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये येतात, आणि पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या आहेत. तिथे कल्पना एका विद्यार्थ्याच्या नावावर असते, त्यामुळे गटातले कोणाचे नाव जाणार हे मुलांनी आपसात बोलून आधीच ठरवू द्या. नंतर यावरून मने दुखावतात. पेटंटचा विचार या कामासाठी करू नका, यातला प्रत्येक भाग माहीत असलेलाच आहे. मात्र पुढे कधी मुलांनी खरोखरच नवी रचना काढली, तर प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. आधी जाहीर दाखवले तर नवेपणा गेला असे धरले जाऊ शकते. शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे.

स्पर्धा झाल्यावर यंत्र शाळेच्या कपाटात ठेवू नका. चाळ रिकामी होईपर्यंत ते चाळीतच राहू द्या आणि पिशव्यांची वजने शेवटपर्यंत घ्या. ज्या कप्प्याचा दिवा लागला तिथे खरेच जास्त सडले का, हे चाळ फोडल्यावरच कळणार आहे, आणि तो आकडा सप्टेंबरमध्ये कोणत्याच परीक्षकाला दाखवता येणार नाही. तरी तो घ्या. मालकासाठी एक पान मराठीत लिहा: कोणती तार कुठे, बॅटरी कशी बदलायची, दिवा लागला नाही तर आधी काय बघायचे.

या आठवड्यात एवढेच करा. मुलांना घेऊन एका चाळीत जा, मालकाला बोलू द्या, त्याचे बोलणे मुलांना लिहून घेऊ द्या आणि येताना पाच-पाच किलोच्या पिशव्या लावून या. सेन्सरची खरेदी त्यानंतर. यादी पाठवलीत तर मी बघून देईन.